अव्वल शाळेच्या हद्दीतलं घर

श्रेणी वाटणाऱ्या साहेबांनो, तुम्ही खोटं मोजलंत. चुकून नाही, माहीत असून मोजलंत. दर वर्षी तुमच्या कार्यालयातून एक परिपत्रक निघतं आणि शहरातल्या प्रत्येक शाळेच्या कपाळावर एक शब्द चिकटवून जातं: अव्वल, मध्यम नाहीतर कच्ची. तुमचं काम तिथं संपतं आणि दलालांचं सुरू होतं. अव्वल शाळेच्या हद्दीत खुराड्याला बंगल्याचा भाव येतो आणि कच्च्या शाळेच्या हद्दीतल्या चांगल्या घराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. कारण नियमही तुमचाच: ज्या हद्दीत घर, त्या हद्दीतली शाळा. तुमच्या एका शब्दावर माणसं आयुष्याची कमाई लावतात. तो शब्द तुम्ही कसा काढता, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. शेवटी एका रंगारणीनं विचारलं. का विचारलं, ते आधी ऐका.

रंगाऱ्याची बायको म्हणून ती रंगारीण नव्हे. ती स्वतः रंग देते. शिडीवर ती, छताला ती. नवरा खालचं बघतो: खरवडणं, पुट्टी भरणं, घासकाम. शिवाय त्याचा हात अक्षराला चांगला, म्हणून पाट्या त्याच्याकडे. दोघं मिळून शहरभर घरं रंगवतात आणि त्यातली निम्मी विकायला काढलेली असतात. घर विकायचं ठरलं की लोक आधी रंगाऱ्याला फोन करतात, मग दलालाला. ओल दाबायची, भेगा बुजवायच्या, धुरानं पिवळं पडलेलं छत पांढरंफेक करायचं. "आपण नवरी नटवणारे," रंगारी म्हणायचा. "पुढं संसार कसा होतो ते आपल्याला विचारायचं नाही."

त्यामुळे हे दोघं स्वतःसाठी घर बघायला निघाले की दलाल धास्तावायचा. दाखवायला नेलेल्या घरात रंगारी आधी कपाट सरकवायचा. मग भिंतीला नाक लावायचा. मग बोटाच्या पेरानं टकटक करत कोपऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून ओरडायचा, "इथं पोकळ आहे!" ती तोवर न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर तळहात टेकून उभी असायची, डॉक्टरसारखी.

"अहो, घर घ्यायला आलात की पोस्टमॉर्टेम करायला?" दलाल एकदा वैतागून म्हणाला.

"मेलेलं नसलं तर भिता कशाला?" रंगारी म्हणाला.

भाड्याच्या दोन खोल्यांत ते चौघं राहायचे: ही दोघं, सासूबाई आणि पोरगी. पोरीला घरात सगळे मुंगी म्हणायचे. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. वाचताना पोरगी ओळीवर बोट ठेवून एकेका अक्षरावरून सरकायची, अडायची, मागे जायची, परत यायची. "मुंगी निघाली साखरेच्या पोत्याकडं," सासूबाई म्हणायच्या. "पोचेल हो, पण तोवर दुकान बंद झालेलं असेल." पोरगी हसायची आणि पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला जायची. हट्टी होती. हिशेब तोंडी पटकन करायची, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगायची. फक्त छापलेलं अक्षर दिसलं की पाय जड व्हायचे. गल्लीतली छोटी शाळा दुसरीपर्यंतच होती. यंदा तिला मोठ्या शाळेत घालायचं होतं, आणि कुठल्या शाळेत ते घर ठरवणार होतं.

शाळा तर त्यांनी केव्हाच ठरवली होती. मागच्या सुट्टीत अव्वल शाळेचं रंगकाम यांच्याकडेच होतं. दगडी जिना, आरशासारखी फरशी, काचेच्या कपाटांत ढालींची रांग. फाटकाजवळच्या भिंतीवर 'अव्वल श्रेणी' ही अक्षरं रंगाऱ्यानंच काढली होती, सोनेरी, काळ्या कडेची. काढून झाल्यावर तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "इथं आपली मुंगी," तो म्हणाला. दोघंही शाळा अर्धवट सोडलेली. तेव्हापासून रात्रंदिवस एकच: अव्वलच्या हद्दीत घर.

आणि घर मिळालं. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर, लहानसंच. सासूबाईंची खाट स्वयंपाकघरात टाकावी लागली असती. "म्हणजे मी फोडणीच्या धुरात मरणार," सासूबाई म्हणाल्या. "मरेन. पोरगी साहेबीण होऊ दे." रंगाऱ्यानं भिंती ठोकल्या. खणखणीत. तिनं तळहात टेकला. कोरडं. कपाटामागे काही नाही, छतात काही नाही. धंद्यात आल्यापासून इतकं निरोगी घर त्यांनी पाहिलं नव्हतं. शनिवारी इसार द्यायचा ठरला. दलालाच्या चेहऱ्यावर हसू मावेना.

गुरुवारी ती एकटीच पुन्हा गेली, खिडक्यांची मापं घ्यायला. घरमालकीण एकटी होती, नवरा नसलेली, शिवणकाम करणारी. ती मशीनवर बसली होती. मापं घेत घेत रंगारीण मागच्या सज्जात आली आणि थबकली. दोरीवर एक लहान शर्ट वाळत होता, हिरव्या चौकड्यांचा.

अव्वल शाळेचा गणवेश राखाडी. हिरव्या चौकड्या पुलापलीकडच्या शाळेच्या. कच्च्या श्रेणीच्या.

"ताई, हा कुणाचा शर्ट?"

मशीन थांबलं. "गिऱ्हाइकाचा," मालकीण म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

रंगारणीनं कॉलर उलटून पाहिली. शाईचा डाग, आणि तो घासून घासून विटलेला. गिऱ्हाइकाच्या कपड्यावरचा डाग इतका जीव लावून कुणी घासत नाही. खाली काखेपाशी ठिगळ, आईच्या हाताचं.

"ताई, तुमचा मुलगा पुलापलीकडे जातो? दारात अव्वल शाळा असताना?"

मालकीण उठली, सज्जाचं दार लावून घेतलं, जणू शर्टही ऐकत होता.

"तुम्ही दलालाला सांगणार नाही ना?"

"काय सांगायचं ते तर कळू दे."

"माझं घर विकायचंय हो. अव्वलच्या नावावरच तर भाव आहे. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

"नाही देत. पण मी माझ्या मुलीसाठी घेतेय. तुम्हीही आई आहात. बोला."

मग मालकीण बोलली. पोरगा पहिलीपासून अव्वल शाळेत होता. हुशार नव्हता, वाईटही नव्हता. तिसरीत अडखळायला लागला. परीक्षेच्या जरा आधी शाळेनं हिला बोलावलं. ओरडले नाहीत. गादीच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. म्हणाले, मुलाच्या हिताचं सांगतो, त्याला इथला वेग झेपत नाही, कोमेजून जाईल. पलीकडची शाळा त्याला बरी. आणि एक अर्ज पुढं केला, आधीच टाइप केलेला: 'मी स्वखुशीने माझ्या पाल्याचा दाखला काढत आहे.'

"आणि तुम्ही सही केलीत?"

"काय करणार होते? त्याला रोज मागच्या बाकावर वेगळं बसवत होते. रात्री अंथरूण ओलं करायला लागला होता. मी एकटी नव्हते हो. बाहेर बाकावर आणखी आया बसल्या होत्या. सगळ्यांच्या हातात कपबशी."

रंगारीण जिना उतरली तेव्हा मापाची टेप तिच्या मुठीत चुरगळली होती. समोर फाटकाजवळ सोनेरी अक्षरं चमकत होती. तिला आधी राग आला तो स्वतःचाच. घराची वीट न् वीट ठोकली, आणि ज्याच्यासाठी घर घ्यायचं त्या शाळेला बाहेरून बघून भुलली. नटवायचा धंदा करणारी बाई, ती रंगाला भुलली. आणि रंग तरी कुणी दिलेला? तिनंच.

घरी तिनं सगळं सांगितलं. रंगारी जेवता जेवता थांबला.

"एखाद्या पोराचं झालं असेल तसं."

"एखाद्या नाही. बाकावर रांग होती."

"अगं, मग आपण मुंगीला शिकवणी लावू. रोज बसू तिच्याजवळ. काढतील कशाला तिला?"

"कोण बसणार? तुम्ही? तुम्हाला बिल वाचायला चष्मा लागतो आणि मला बिल वाचायला तुम्ही लागता."

"ते अक्षर मी माझ्या हातानं काढलंय," रंगारी चिडून म्हणाला. "अव्वल! सरकारनं दिलेलं आहे ते, मी घरचं नाही लिहिलं."

"सरकारनं सांगितलं, तुम्ही काढलं. तुमच्या दोघांपैकी आत कोण गेलं होतं?"

"मग काय पुलापलीकडे घालू तिला? कच्च्या शाळेत? लोक काय म्हणतील, एकुलती एक पोर आणि..."

"लोकांची पोरं गादीच्या खुर्चीपर्यंत पोचली की लोक काय म्हणतात ते मी आज ऐकून आलेय."

सासूबाईंनी आपलं ताट बाजूला सारलं. त्या म्हणाल्या, "सूनबाई, त्या दुसऱ्या शाळेची भिंत ठोकून आलीस का?"

"नाही."

"मग आधी ठोकून ये. एकदा फसलीस, आता दुसरीकडून फसू नकोस."

शुक्रवारी कामावर खाडा करून ती मुंगीला घेऊन पूल ओलांडून गेली. शाळा बाहेरूनच रडकी होती. पोपडे सुटलेले, पन्हळीखाली हिरवी ओल, मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही, दोरी बांधलेली. रंगारणीचे हात शिवशिवले. वर्गात मुलं खच्चून भरलेली. एक बाई दोन वर्गांच्या मधल्या दारात उभ्या राहून इकडे पाढे आणि तिकडे कविता घेत होत्या. ही शाळा चांगली आहे, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणालं नसतं.

मुख्याध्यापिका जिन्यातच भेटल्या. केस विस्कटलेले, एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात नाकातून रक्त येणारं एक पोर.

"काय पाहिजे?"

"शाळा बघायची आहे."

"दिसतेय ना? हीच ती. पाणी आणा कुणीतरी! बाई, बघायला वेळ नाही मला, बसायचं तर वर्गात बसा."

ती बसली. मागच्या बाकावर, मुंगीला घेऊन. दारातल्या बाई इकडे आल्या, पोरांना वाचायला लावलं. एकेक करत पाळी मुंगीवर आली. आई म्हणणार होती, ही इथली नाही, पण बाईंनी पुस्तक पुढं केलंसुद्धा. मुंगीनं बोट ठेवलं. अडली. मागे गेली. पुढच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुझी पाळी आली होती तेव्हा आम्ही जेवून आलो होतो, आठवतं का?" वर्ग हसला, खिदळणाराही हसला. आणि मग सगळे गप्प बसले. बाई थांबल्या. पलीकडच्या वर्गात गोंधळ सुरू झाला तरी थांबल्या. मुंगी ओळीच्या टोकाला पोचली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "पुढची ओळ."

पुढची ओळ! मुंगीला आजवर कुणी पुढची ओळ सांगितली नव्हती. एका ओळीनंतर सगळे दमायचे आणि पाळी दुसऱ्याकडे जायची. पोरीनं मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा बोट ठेवलं.

शाळा सुटल्यावर रंगारणीनं मुख्याध्यापिकेला गाठलंच, घर शोधतोय ते सांगितलं. अव्वल शाळेचं नाव काढल्याबरोबर त्या कडवट हसल्या.

"परीक्षेआधी येतात ना तिकडून. दर वर्षी. घाबरलेली, वह्या कोऱ्या. आम्ही नाही म्हणत नाही, म्हणताही येत नाही. त्यांना आम्ही धड ओळखतही नसतो तोवर परीक्षा येते. त्यांचे मार्क धरले जातात आमच्या नावावर. त्यांची सरासरी वर, आमची खाली. त्यांना अव्वल, आम्हाला कच्ची."

"हे तुम्ही वर सांगितलं नाही?"

"सांगितलं. उत्तरादाखल तपासणी आली. आमचीच. आणि आता ऐका, तुम्ही घर बघताय म्हणून सांगते. पुन्हा कच्ची मिळाली म्हणून शाळा बंद करायचं घाटतंय. पुढच्या आठवड्यात साहेब येणार आहेत, पालकांची सभा आहे. मला तोंड उघडायचं नाही अशी ताकीद आहे. या भागात घर घेऊ नका, बाई. शाळाच राहिली नाही तर घर घेऊन काय भिंती शिकवणार मुलीला?"

परतताना पुलावर ती थांबली. मुंगी कठड्याला लोंबकळत दुकानांच्या पाट्या वाचत होती. एक पाटी, मग पुढची, मग तिच्या पुढची. कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार सकाळ. दलाल दारात, नवा शर्ट घालून. "निघायचं ना दादा?"

"निघायचं," ती आतून म्हणाली. "पण पुलापलीकडे. ते कोपऱ्यावरचं घर, तुम्ही दाखवायचं टाळत होतात ना, तेच."

दलालाचा चेहरा पडला. "वहिनी, ती कच्चीची हद्द! आणि त्या घराला ओल आहे, मी प्रामाणिकपणे सांगतो."

"जन्मात पहिल्यांदा प्रामाणिकपणे सांगताय, तेही घर विकायचं नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

रंगारी तोंड पाडून बसला होता. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर वळत होता, तिला माहीत होतं. सोनेरी अक्षर पुसायचं म्हणजे त्याच्या छातीवरून पॉलिश पेपर फिरवण्यासारखं होतं. "आणि शाळा बंद पडली तर?" तो म्हणाला. "पैसा अडकला, पोर लटकली. मग?"

"बंद पडू द्यायची नाही."

"तू कोण लागून गेलीस?"

"त्या हद्दीत राहणारी बाई. आज इसार दिला की मला तिथं बोलायचा हक्क आहे. नाही दिला तर मी नुसती रंगारीण."

तो आत गेला, पैशांची पिशवी घेऊन आला आणि चपला घालता घालता दलालाला म्हणाला, "चला हो. ओल कुठं आहे ते तरी दाखवा. मला झोपलेली भिंत उठवता येते."

ते घर त्यांनी घेतलं. उत्तरेची भिंत पार भिजलेली होती, पण सासूबाईंना स्वतंत्र खोली होती. "धूर नाही, ओल आहे," त्या म्हणाल्या. "बढतीच झाली म्हणायची."

सभेच्या दिवशी शाळेचा मोठा वर्ग भरून गेला होता. साहेब पंख्याखाली बसले होते. त्यांनी आकडे वाचून दाखवले, पडद्यावर आलेख दाखवला. आवाज मऊ होता, गादीच्या खुर्चीसारखा. शाळा बंद करणं ही शिक्षा नाही तर मुलांच्या हिताचा निर्णय आहे, ते म्हणाले. मुख्याध्यापिका भिंतीला टेकून उभ्या होत्या, ओठ आवळलेले. दाराजवळ ती शिवणकाम करणारी मालकीण बसली होती, मुलाला मांडीवर दाबून, मान खाली. तिचं घर अजून विकलं गेलं नव्हतं. रंगारणीनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं.

रंगारीण उभी राहिली.

"साहेब, या शाळेला कच्ची ज्या परीक्षेवर दिलीत, त्या परीक्षेला बसलेली किती मुलं त्याच्या महिनाभर आधी अव्वल शाळेत होती?"

साहेबांनी कागद चाळले. "असं वर्गीकरण आम्ही ठेवत नाही. परीक्षेच्या दिवशी मूल ज्या पटावर, त्या शाळेचं ते मूल."

"आणि पट का बदलला, ते विचारता?"

"पालकांनी स्वखुशीनं दाखले काढले आहेत. अर्ज आहेत आमच्याकडे."

"सगळे अर्ज एकाच टाइपात आहेत का, साहेब?"

वर्गात कुजबुज उठली. कुणीतरी मागून म्हणालं, "माझाही तसाच." मग दुसरा आवाज, "आमच्याकडून पण." साहेबांनी टेबलावर पेन आपटलं.

"बाई, हा या सभेचा विषय नाही. काही तक्रार असेल तर लेखी अर्ज करा. बसा खाली."

"लेखीही देते, माझा नवरा सुवाच्य लिहितो," ती म्हणाली. रंगारी ताठ बसला. "पण अर्जाला उत्तर येईपर्यंत तुम्ही शाळेला कुलूप लावलेलं असेल. म्हणून आत्ता विचारते, तोंडावर. माझी मुलगी सावकाश वाचते. तिकडे घातली असती तर परीक्षेआधी तुम्ही तिला पुलावरून इकडे धाडलं असतंत, आणि तिचे मार्क या बाईंच्या माथी मारून तिकडे पुन्हा अव्वल लिहायला माझ्याच नवऱ्याला बोलावलं असतंत. जी शाळा अडलेलं मूल बाहेर काढते ती अव्वल, आणि जी त्याला आत घेऊन पुढची ओळ वाचायला लावते ती कच्ची. हे मोजमाप कुणाचं? त्या पडद्यावर बोट ठेवून दाखवा, काढून टाकलेली मुलं कुठं मोजलीत तुम्ही?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात आया उभ्या राहिल्या होत्या.

"मी बसणार नाही, साहेब. आणि तुम्हीही उठू नका. उत्तर द्या."